वापरलेली लहान शिडाची नौका घेताना वय पाहावे की अवस्था?

तळ्याकाठी (अटलांटा, जॉर्जिया)

नमस्कार. माझे लहानपण पुण्यात धायरीला गेले. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांच्या शिडाच्या होड्या काठावर बसून पाहण्यात कित्येक रविवार सरले, पण त्या होडीत बसण्याचा योग तेव्हा आला नाही. गेली अकरा वर्षे मी अटलांटाजवळ राहतो. मागील दोन उन्हाळ्यांत लेक लॅनियरवर रीतसर शिकवणी घेतली आणि आता स्वतःची नौका घ्यावी असे मनाशी ठरवले आहे. घरात आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. सकाळी निघून संध्याकाळी परतावे आणि कधीतरी एखादी रात्र नौकेवरच काढावी, एवढीच अपेक्षा आहे.

बरीच चौकशी केल्यावर मी कॅटलिना २२ या नौकेवर आलो. तिचे उत्पादन १९६९ मध्ये सुरू झाले आणि अशा पंधरा हजारांहून अधिक नौका बनल्या आहेत, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि माहितगार माणसेही भेटतात. कील, म्हणजे तळाखालचे जड पाते, वर ओढून घेता येत असल्याने ती ट्रेलरवर घालून घरी आणता येते. लॅनियर हा धरणाचा जलाशय आहे आणि २००७ च्या दुष्काळात त्याची पातळी सुमारे वीस फुटांनी खाली गेली होती, हे लक्षात घेता दोन फूट पाण्यातही तरंगू शकणारी नौका मला सोयीची वाटते.

सध्या माझ्यासमोर दोन नौका आहेत. पहिली १९७९ ची असून तिने सारे आयुष्य याच जलाशयात काढले आहे. आताच्या मालकांकडे ती चौदा वर्षे आहे, हिवाळ्यात छपराखाली ठेवलेली असते आणि किंमत ३,२०० डॉलर आहे. बाहेरून मात्र ती म्हातारी दिसते. रंग उडालेला, शिडे मऊ पडलेली. दुसरी जाहिरातीनुसार १९८८ ची, सव्हानाजवळ खाऱ्या पाण्यात गेली पाच वर्षे धक्क्याला बांधलेली, चकचकीत, नव्या शिडांसह ४,८०० डॉलरना आहे. माझी पत्नी आणि मी दोघेही दुसरीकडे झुकलो आहोत, कारण नऊ वर्षांनी तरुण नौका आणि नवी शिडे यांसाठी सोळाशे डॉलर अधिक देणे गैरवाजवी वाटत नाही. तरीही चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या वस्तूत पैसे घालताना हात थबकतो. अशा नौकेच्या बाबतीत वयाला किती महत्त्व द्यावे, आणि प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर माझ्यासारख्या नवख्याने नेमके काय पाहावे?

दोरखंड (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

आपल्या प्रश्नात वय हा शब्द एकवचनी आला आहे, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच आहे. नौकेला एक वय नसते. सांगाड्याचे, म्हणजे नौकेच्या मुख्य कवचाचे, वय वेगळे, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचे वेगळे, शिडांचे वेगळे, ट्रेलरच्या टायरचे वेगळे. फायबरग्लासचा सांगाडा पंचेचाळीस वर्षांनंतरही ठणठणीत असू शकतो, पण त्याच नौकेवरच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या तारा धोकादायक झालेल्या असू शकतात. म्हणून "नौका किती सालची?" हा प्रश्न विक्रेत्याला एकदाच विचारावा आणि त्यानंतर प्रत्येक भागासाठी "हा शेवटचा कधी बदलला, आणि त्याची पावती आहे का?" हे विचारत राहावे.

मी स्वतः २०१६ मध्ये १९८४ ची कॅटलिना २२ घेतली, २,८०० डॉलरना. पुढील दोन वर्षांत शिडांना १,६५०, डेकच्या दुरुस्तीला ७४०, कीलच्या सामानाला ६२०, तारांना ४८० आणि ट्रेलरचे टायर व बेअरिंग यांना ४१० डॉलर लागले. म्हणजे ३,९०० डॉलर वर गेले, आणि त्यात माझ्या श्रमांचे मोल धरलेले नाही. आज ती विकायला काढली तर मला फार तर साडेचार हजार मिळतील. हे तक्रार म्हणून सांगत नाही, कारण त्या नौकेने आम्हाला फार आनंद दिला आहे. सांगायचे एवढेच की वीस-पंचवीस वर्षे उलटली की उत्पादनाच्या सालाचा किमतीशी संबंध जवळजवळ संपतो आणि उरतो तो फक्त पुढे कराव्या लागणाऱ्या कामांचा हिशोब.

आता आपल्या दोन नौकांविषयी. सर्वांत आधी डेक. कॅटलिना २२ चे खालचे अंग भरीव फायबरग्लासचे आहे, पण डेक मात्र फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड घालून केलेला असतो. डेकवर बसवलेल्या प्रत्येक वस्तूसाठी त्याला भोक पाडलेले असते, आणि त्या भोकातील जोडमसाला वाळून तडकला की पाणी प्लायवूडमध्ये उतरते. हे वर्षानुवर्षे होत राहते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून बूट काढून अनवाणी पायांनी संपूर्ण डेकवर हळूहळू चालावे. कुठे पाय किंचित दबला, तर तिथे लाकूड कुजले आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने थोड्या थोड्या अंतरावर ठोकत जावे. कोरड्या डेकचा आवाज टणक येतो आणि भिजलेल्याचा बद्द. डोलकाठीचा पाया, कठड्याच्या खांबांचे तळ, दोर बांधण्याच्या खुंट्या आणि पुढच्या झडपेची चौकट येथे अधिक वेळ द्यावा. तळहाताएवढा मऊ भाग असेल तर घाबरू नये. पण डोलकाठीच्या पायाभोवती किंवा पुढच्या डेकवर दोन-तीन फुटांचा भाग गेला असेल, तर तो वरून उघडून, कुजलेले लाकूड काढून, नवे बसवून पुन्हा फायबर चढवावे लागते. ते काम बाहेर दिले तर आपल्या दोन्ही नौकांच्या किमती त्यापुढे लहान दिसतील.

दुसरी गोष्ट कील. ही सुमारे साडेपाचशे पौंडांची ओतीव लोखंडाची कील एका पितळी धातूच्या इंचभर जाडीच्या आडव्या खिळीवर फिरते आणि कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या उघड्या बसण्याच्या जागेच्या, पुढच्या बाजूला केबिनमध्ये असलेल्या विंचने (दोर गुंडाळणाऱ्या रहाटाने), एका पोलादी दोराच्या आधारे वरखाली होते. कील सतत किंचित हलत असल्यामुळे ती खिळी झिजते आणि कीलमधील भोकही मोठे होत जाते. नौका नांगरावर असताना खालून ठक्-ठक् असा आवाज येत असेल तर ही झीज बरीच झाली आहे असे समजावे. पोलादी दोर तुटला तर कील वेगाने खाली जाऊन आपटते, आणि दोर ज्या रबरी नळीतून आत येतो ती नळी त्या धक्क्याने निसटली तर नौकेत पाणी भरू लागते. म्हणून दोर, नळी, नळीचे पट्टे, विंच आणि खिळी ज्या चार बोल्टांनी सांगाड्याला धरलेली असते ते बोल्ट, हे सारे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ट्रेलरवर असलेल्या नौकेखाली वाकून हे बरेचसे दिसते. मात्र कील लाकडी ठोकळ्यांवर पक्की टेकलेली आहे याची खात्री झाल्याशिवाय खाली शिरू नये. हे मी हात जोडून सांगतो.

तिसरी गोष्ट तारा. डोलकाठीच्या आधाराच्या तारांची टोके ज्या नळ्यांत दाबून बसवलेली असतात, तिथे भिंग घेऊन पाहावे. केसासारखी उभी चीर दिसली, किंवा तारेवरून कापडाचा बोळा फिरवताना तुटलेले धागे त्यात अडकले, तर सर्वच तारा बदलाव्या लागतील असे धरून चालावे. खाऱ्या पाण्यात दहा-बारा वर्षे झाली की दिसायला चांगल्या तारासुद्धा बदलून टाकतात. गोड्या पाण्यात त्या अधिक टिकतात, तरी त्यालाही मर्यादा आहे. सत्तरीच्या दशकातील कॅटलिनांवर डोलकाठीच्या मधोमध असलेल्या आडव्या दांड्या ओतीव ॲल्युमिनियमच्या कंसांत बसवलेल्या असत. ते कंस तडकतात, म्हणून १९७९ च्या नौकेवर ते पोलादी घातले आहेत का हे आवर्जून पाहावे.

शिडांविषयी थोडेच सांगतो. नवी शिडे डोळ्यांत भरतात आणि विक्रेत्याला हे पुरेपूर ठाऊक असते. पण शीड हा नौकेचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे, आणि मऊ पडलेल्या शिडांनी पहिला हंगाम सहज काढता येतो. शिवणीचा दोरा अंगठ्याच्या नखाने ओढून पाहावा. उन्हाने कापडाआधी दोरा कुजतो.

आणखी एक. आपल्या गाडीची ओढण्याची क्षमता किती आहे? नुसती नौका साधारण २,२०० पौंडांची भरते, पण ट्रेलर, इंजिन, नांगर, पाणी आणि सामान धरून ते ओझे साडेतीन हजार पौंडांच्या घरात जाते.

देवगडकर (देवगड)

मी कॅटलिना कधी पाहिलेली नाही आणि अमेरिकेतील बाजारभावांविषयी मला काही बोलता येणार नाही. परंतु आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधण्याचे आणि डागडुजीचे काम झाले आहे, आणि वरच्या उत्तरातील भिजलेल्या डेकचा भाग वाचून मला लिहावेसे वाटले.

पूर्वी आमच्याकडची होडी संपूर्ण लाकडाची असे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून कलाफत करायची, काजूच्या टरफलांचे तेल पाजायचे आणि पावसाळ्यात होडी वर ओढून शाकारून ठेवायची, हा दरवर्षीचा क्रम होता. लाकूड उघडे असल्यामुळे दोष लपत नसे. कुठे फळी काळी पडली, कुठे किड्याने भोक पाडले, हे जून-जुलैत होडी किनाऱ्यावर असताना डोळ्यांना दिसे आणि तेवढी फळी काढून नवी बसवता येई. पुढे लाकडी होड्यांवर फायबरचा थर चढवण्याची पद्धत आली. तिचे फायदे खरे आहेत. कीड लागत नाही आणि दरवर्षीची कलाफत वाचते. पण त्या थरातून कुठे पाणी आत गेले, तर ते बाहेर पडू शकत नाही आणि आतले लाकूड आतल्या आत पिठासारखे होते. बाहेरून होडी नवीकोरी दिसत असते. मी स्वतः अशी एक होडी उघडली आहे, जिची पठाण, म्हणजे तळाचा मुख्य वासा, हाताने खरवडून काढता आला. तिला रंग देऊन वर्षसुद्धा झाले नव्हते.

म्हणून आमचे वडील जुनी होडी पाहायला गेले की रंग ताजा दिसल्यास अधिक वेळ थांबत. विकण्याच्या तोंडावर दिलेल्या रंगाखाली काय आहे, हे त्यांना हातोडीच्या आवाजावरून कळत असे. हातोडी हलकी हवी आणि ठोकणाऱ्याने बोलू नये, कारण आवाजातला फरक बारीक असतो. आपण चांगल्या जागेपासून सुरुवात करा, म्हणजे चांगला आवाज कसा असतो ते कानात बसेल, आणि मग संशयाच्या जागेकडे जा.

मालकाविषयीही एक पाहावे. ज्याने होडी चौदा वर्षे ठेवली आणि दर हिवाळ्यात छपराखाली नेली, त्याच्याकडे तिच्या दुखण्यांची माहिती असते आणि तो ती सहसा सांगतो. त्याच्याशी अर्धा दिवस बसून बोलण्याची तयारी ठेवा.

राळ आणि काच (मुंबई)

फायबरग्लासच्या वस्तू बनवणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे गोडे पाणी की खारे पाणी, या एका मुद्द्यावर लिहितो, कारण त्यात एक गैरसमज होण्याची शक्यता आहे.

गोडे पाणी नौकेला सर्व प्रकारे सौम्य असते असे मानले जाते, आणि धातूंच्या बाबतीत ते खरे आहे. लोखंडी कील, तारा, बोल्ट आणि इंजिन हे सारे गोड्या पाण्यात कितीतरी अधिक टिकते. फायबरग्लासच्या बाबतीत मात्र उलट आहे. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा सर्वांत बाहेरचा गुळगुळीत थर, संपूर्ण जलरोधक नसतो. त्यातून पाण्याचे रेणू अतिशय सावकाश आत जातात आणि राळेतील विरघळणारी द्रव्ये घेऊन आतील पोकळ्यांत एक दाट द्रावण तयार करतात. बाहेरचे पाणी जितके शुद्ध, तितका आतल्या आणि बाहेरच्या द्रावणांतील फरक मोठा, आणि परासरणाच्या दाबाने तितके अधिक पाणी आत खेचले जाते. शेवटी त्या दाबाने जेलकोट फुगून पाण्याखालच्या भागावर फोड येतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. उबदार गोड्या पाण्यात वर्षानुवर्षे सतत तरंगत असलेल्या नौकांना हा त्रास अधिक होतो.

त्यामुळे लॅनियरवरच्या नौकेविषयी विचारण्याचा प्रश्न असा, की ती चौदा वर्षे पाण्यातच बांधलेली असे, की प्रत्येक फेरीनंतर ट्रेलरवर येत असे? ट्रेलरवर राहणारी नौका प्रत्येक वेळी वाळते आणि तिला फोड क्वचितच येतात. थोडे फोड असले तरी ते सांगाड्याच्या मजबुतीचा प्रश्न सहसा होत नाहीत. ते घासून, वाळवून भरता येतात. किंमत कमी करून घेण्यासाठी त्यांचा उपयोग करावा, नौका नाकारण्यासाठी नाही.

जेलकोटमधील बारीक भेगांबद्दलही नवख्या माणसाला भीती वाटते. उन्हाने पडलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे उथळ जाळे निरुपद्रवी असते. पण एखाद्या बोल्टपासून ताऱ्यासारख्या बाहेर पसरणाऱ्या भेगा, किंवा नौकेच्या आतल्या आडव्या भिंतीच्या रेषेवर बाहेरून उमटलेली एकमेकींना समांतर भेगांची ओळ, ही त्या जागी फार ताण आल्याची खूण आहे, आणि तिथे आतून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दर्याकाठ (साउथॅम्प्टन)

केबिन खरोखर हवी आहे का, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा असे मला सुचवायचे आहे. मी वेफेअर चालवतो. ती इयान प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आरेखित केलेली, जवळजवळ सोळा फुटांची उघडी होडी आहे. सांगाडा १७० किलोच्या आसपास असल्यामुळे लहान गाडीमागेही ती सहज येते. अशाच होडीतून फ्रँक डाय १९६३ मध्ये एका सोबत्यासह आइसलँडला आणि १९६४ मध्ये नॉर्वेला गेले होते. ते धाडस कोणी करावे असे मी म्हणत नाही, पण मजबुतीची कल्पना त्यावरून येते.

अशी होडी वापरलेली घेताना पाहण्याच्या जागा कमी असतात. मुख्य म्हणजे पुढच्या आणि मागच्या हवाबंद टाक्या. होडी उलटली तर त्याच तिला तरंगत ठेवतात, त्यामुळे त्यांची झाकणे, झाकणांची रबरे आणि सांधे यांत गळती नको. त्यानंतर मधल्या फटीतून खाली जाणारी फळी आणि सुकाण्याची कडी सैल झाली आहे का, एवढे पाहिले की बरेचसे कळते. मुलांना दोर हातात धरून, वारा गालावर ओळखून शिकायचे असेल, तर उघडी होडी लवकर शिकवते. रात्र नौकेवरच काढायची असेल तर अर्थात माझा मुद्दा मागे पडतो.

तळ्याकाठी (अटलांटा, जॉर्जिया)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. उघड्या होडीचा विचार आम्ही दोघांनी प्रामाणिकपणे केला, परंतु धाकटा अजून दुपारी झोपतो आणि येथील ऊन लक्षात घेता सावलीची जागा हवी, असे ठरले. मागील दोन शनिवारी मी दोन्ही नौका पाहून आलो. जे आढळले ते क्रमाने लिहितो, कारण पुढे कोणाला त्याचा उपयोग होऊ शकेल.

सव्हानाची नौका आधी पाहिली. मागील फळीवर उजवीकडे वरच्या बाजूला कोरलेला सांगाड्याचा क्रमांक मी उतरून घेतला. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नौकेवर असा बारा अक्षरांचा क्रमांक असतो. त्याची पहिली तीन अक्षरे बनवणाऱ्याची खूण असतात, कॅटलिनासाठी ती सीटीवाय अशी आहेत, आणि शेवटच्या अक्षरांत उत्पादनाचा काळ असतो. त्यानुसार ही नौका १९८८ ची नसून १९८६ ची निघाली. विक्रेत्याने प्रथम विक्रीचे वर्ष सांगितले असावे. दोन वर्षांनी मला काही फरक पडत नव्हता, पण ज्या तरुणपणासाठी मी अधिक पैसे द्यायला निघालो होतो, त्याचा आधार तिथेच सैल झाला.

मग अनवाणी चालून पाहिले. पुढच्या डेकवर, नांगराच्या खणामागे पाय स्पष्टपणे दबला. देवगडकरांनी सांगितल्याप्रमाणे आधी कॉकपिटच्या बाजूला ठोकून चांगला आवाज कानात बसवला आणि मग पुढे सरकत गेलो. आवाज जिथे बदलला ती कड मी खडूने आखत गेलो, तेव्हा साधारण अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद असा आकार तयार झाला. त्याच्या मधोमध नवी कोरी खुंटी बसवलेली होती. तारांपैकी एका खालच्या तारेच्या नळीवर भिंगातून उभी चीर दिसली. नौका पाण्यात असल्यामुळे कील पाहता आली नाही, आणि ती माझ्या खर्चाने बाहेर काढून पाहू द्यावी ही विनंती विक्रेत्याला मान्य झाली नाही. शिडे खरोखर सुंदर होती.

लॅनियरवरच्या नौकेच्या मालकांकडे मी जवळजवळ चार तास होतो. ते निवृत्त गृहस्थ असून त्यांनी एक वही माझ्यासमोर ठेवली, ज्यात प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि खर्च आहे. कीलची खिळी, पोलादी दोर आणि नळी २०१९ मध्ये बदललेली आहे. तारा २००८ च्या आहेत. डोलकाठीवरचे कंस पोलादी आहेत. नौका एप्रिल ते ऑक्टोबर पाण्यात आणि उरलेला काळ ट्रेलरवर छपराखाली असे. तळाला उजव्या बाजूस वाटाण्याएवढे सहा-सात फोड आहेत, आणि तेही त्यांनी मी विचारण्याआधीच दाखवले. डेकवर डोलकाठीच्या डाव्या बाजूला एका खांबाच्या तळाशी तळहाताएवढी जागा बद्द वाजते. बाकी सर्वत्र आवाज टणक आहे. आम्ही दोघे तासभर पाण्यावरही जाऊन आलो. इंजिनाच्या मागच्या भोकातून थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट पडत होती आणि सुकाणू हातात सैल लागले नाही.

दोष आहे तो ट्रेलरचा. टायरच्या कडेला उमटवलेले शेवटचे चार आकडे २३११ असे आहेत, म्हणजे ते २०११ च्या तेविसाव्या आठवड्यात बनले. रबराला भेगा आहेत. माझ्या गाडीची क्षमता साडेतीन हजार पौंड असल्याने तीही काठावरच आहे. आता दोन प्रश्न उरतात. एवढ्या लहान नौकेसाठी व्यावसायिक परीक्षक बोलवावा का? आणि ३,२०० मधून किती कमी करण्याची विनंती करणे योग्य होईल?

दोरखंड (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

आपण फार नीट पाहिले आहे. सव्हानाच्या नौकेवर डेक आणि तारा धरून दोन-तीन हजार डॉलरचे काम दिसते आहे आणि कील न पाहिलेली आहे. ती सोडून द्यावी. भिजलेल्या भागाच्या मधोमध नवी खुंटी असणे हेच सांगते, की जुन्या भोकातून पाणी गेल्यावर खालचे लाकूड न पाहता वरची वस्तू बदलली गेली.

परीक्षक साधारण फुटामागे वीस-पंचवीस डॉलर घेतात, म्हणजे आपल्याला पाचशेच्या आसपास पडेल. तीस फुटांची नौका असती तर मी एक क्षणही विचार न करता बोलवा म्हटले असते. इथे मात्र ते पैसे तारांवर घालावेत असे मला वाटते, कारण परीक्षक जे पहिल्या पानावर लिहील, की २००८ च्या तारा बदला, ते आपल्याला आधीच माहीत आहे. विमा कंपनीने अहवाल मागितला तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी त्यांना विचारून घ्यावे.

किमतीबाबत, केवळ पाडून मागणे मला आवडत नाही, विशेषतः ज्यांनी फोड स्वतःहून दाखवले त्यांच्याकडून. तारांचा सुमारे पाचशे आणि टायर-बेअरिंगचा चारशे हा खर्च कागदावर मांडून तो निम्मा निम्मा वाटून घ्यावा, असे सुचवून पाहा. खांबाच्या तळाची जागा याच हिवाळ्यात करा: खांब काढा, भोक मोठे करून ओले लाकूड खरवडा, पूर्ण वाळू द्या, घट्ट इपॉक्सी भरा आणि त्यातूनच नवे भोक पाडा, म्हणजे पुढे सांधा गळला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. कीलचा दोर २०१९ चा आहे. तो मी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी तोही नवा घाला.

ओढण्याविषयी: नौका आपल्या गाडीने आणू नका. पहिल्यांदा मोठी गाडी मागून घ्या आणि वाटेत सार्वजनिक वजनकाट्यावर ट्रेलरसकट वजन करा. आकडा कळल्यावर पुढचे ठरवता येईल. आणि नौका पाण्यात सोडण्याच्या उतारावर डोलकाठी उभी करण्यापूर्वी दर वेळी वर पाहावे. विजेच्या तारेला धातूची डोलकाठी लागून माणसे गेली आहेत.

तळ्याकाठी (अटलांटा, जॉर्जिया)

काल व्यवहार पूर्ण झाला. मी खर्चाचा कागद पुढे केला तेव्हा मालकांनी तो शांतपणे वाचला आणि स्वतःच २,७०० म्हणाले, त्यामुळे मला काही मागावे लागले नाही. नोंदणीवरील नाव, सांगाड्याचा क्रमांक आणि ट्रेलरची कागदपत्रे मी जुळवून पाहिली. वही त्यांनी मला दिली आणि काही अडले तर फोन करण्यास सांगितले.

ट्रेलरचे दोन्ही टायर आणि बेअरिंग त्यांच्याच अंगणात बदलले. एका मित्राच्या मोठ्या गाडीने नौका घरी आणताना काट्यावर वजन केले, ते ट्रेलरसह ३,३८० पौंड भरले, आणि त्यात इंजिन व नांगर होते, पण पाणी, इंधन आणि आमचे सामान नव्हते. तेव्हा माझ्या गाडीने ओढण्याचा विचार मी सोडला आहे. एप्रिल ते ऑक्टोबर नौका जलाशयावरच ठेवू आणि वर्षातून दोनदा मित्राची गाडी मागून घेऊ. तारा आणि कीलचा दोर मागवले आहेत. मुलीने मालकांच्या वहीतील पुढच्या कोऱ्या पानावर तारीख घालून पहिली नोंद केली आहे: "टायर बदलले."